घाटनांदूरचे निळे पांडव

ऐन लग्नसराईत मी माझ्या मॅचिंग सेंटरचं शटर खाली ओढलं, तेव्हा शेजारचा फॉल-पिकोवाला धावतच आला. "वहिनी, कुणाचं काही बरंवाईट तर नाही ना?"

"छे हो. आमच्या विहीणबाईंचा डोळा उघडलाय, तो बघायला चाललेय."

तो बिचारा तोंड उघडं टाकून उभा राहिला. त्याला सगळं समजावत बसले असते तर बस चुकली असती, म्हणून कुलूप त्याच्या देखत ओढून बघितलं आणि निघाले.

गयाबाई म्हणजे माझ्या केतकीच्या सासूबाई. राहणार घाटनांदूर, तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण डॉक्टरचं नाव काढलं की त्या भांडायला उठायच्या. शेवटी दिवाळीनंतर एका शिबिरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डावा अजून बाकी होता. आणि आता येळवस (वेळा अमावस्या) आली होती. मार्गशीर्षातल्या अमावस्येला तिकडे अख्खं गाव शेतात जेवायला जातं. लग्न झाल्यापासून केतकी दर वर्षी बोलावते आणि मी दर वर्षी दुकानाचं कारण सांगते. या वेळी गयाबाईंनी स्वतः फोन हातात घेतला. "ह्या साली न्हाई आलात तर मी समजीन, विहीणबाईला आमच्या भाकरीचं वावडं हाय." मी तिकीट काढलं.

खरं सांगायचं तर मलाही दुकानातून उठायचं होतं. रंगावर पोट भरणारी बाई मी. चिंतामणी, अबोली, डाळिंबी, कोनफळी, आमसुली, श्रीखंडी. माझ्या कपाटात अख्खं स्वयंपाकघर आणि निम्मी बाग आहे. पण हे सगळं बघायचं ट्यूबलाइटखाली. गिऱ्हाइकाला मात्र मी सांगते, "ताई, दारात नेऊन उजेडात बघा." मी स्वतः दारात कधी जाते?

बस सकाळची होती. नगर मागे पडलं आणि उन्हाला धार आली. कडा-आष्टीच्या बाजूला रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागलेला दिसला. आधी वाटलं, माझेच डोळे बिघडले. मग समोरून कापसाने फुगलेला टेम्पो आला आणि बाभळींना अंग घासून गेला, तेव्हा उलगडा झाला. काट्याकाट्याला पांढरे झुबके अडकले होते आणि ऊन त्यांच्या आरपार जात होतं. शेजारच्या बाईंना मी हौसेने दाखवलं. त्यांनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "कुनाचं नुकसान झालं बगा." झालं ते खरंच होतं, पण दिसत छान होतं, यात माझा काय दोष?

पुढे मेंढरांच्या कळपाने बस अडवली. प्रत्येक मेंढीच्या पाठीवर रंगाचा फराटा, काहींना हिरवा, काहींना झगझगीत राणी. मी खिडकीतून डोकं काढून मेंढपाळाला विचारलं, "दादा, हे रंग कशाला?"

"हिरवी मपली, गुलाबी भावाची," तो म्हणाला. "वळखू यायला नगं का?" आणि पुढच्या गड्याला ओरडला, "हाकल बे कडंला, बाईला बीडला जायचंय!"

ड्रायव्हरसकट सगळी बस हसली.

बीडच्या स्टँडवर माझी फजिती झाली. कोचिंग क्लासच्या फलकांवरची टोपी घातलेली हसरी पोरं बघत मी चहा प्यायले आणि येऊन माझ्या जागेवर बसले. जागा तीच, खिडकी तीच, पण माझी पिशवी गायब! मी असा काही कल्ला केला की कंडक्टर तिकीट फाडायचा थांबला. "मावशी, कुठं जायचंय?" "अंबाजोगाई!" "ही गेवराई हाय. अंबाजोगाईची ती बगा, सुटायली." लाल रंगाची बस म्हणून मी लाल बसमध्ये चढले होते आणि स्टँडवर उभ्या होत्या त्या सगळ्याच लाल होत्या. रंगावर पोट भरणारीला रंगानेच गंडवलं. पदर खोचून धावले, माझ्या बसमधल्या लोकांनी दार वाजवून गाडी थांबवली आणि पिशवी मला भेटली. पिशवीत विहीणबाईंची साडी होती, ती गेली असती तर मी कुठल्या तोंडाने त्यांच्या दारात उभी राहिले असते?

मांजरसुंब्याचा घाट, मग केज. केजच्या पुढे उसाला तुरे आलेले. उतरत्या उन्हात तो तुऱ्यांचा रंग चांदीचा म्हणावा की मोतिया, हे ठरवता ठरवता अंबाजोगाई आली.

स्टँडवर जावई न्यायला आले होते. बालाजीराव गावातच ज्युनियर कॉलेजात शिकवतात, बोलतात कमी. पण गाडी घाटनांदूरच्या रस्त्याला लागली आणि ते म्हणाले, "आई, एक अडचण आहे. पांडवांची."

येळवशीला शेतात कडब्याची कोप (खोपी) उभी करतात, तिच्यात पाच दगड मांडतात, त्यांना चुना लावतात. हे पांडव. बालाजीरावांच्या शेतात चुना लावायचा मान गयाबाईंचा. नवी नवरी होऊन आल्या त्या वर्षी सासूने कुंचा हातात दिला, तो त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. चुना पांढरा शुभ्र दिसावा म्हणून त्यात चिमूटभर नीळ घालतात, कपड्यांना घालतो तीच.

"मोतीबिंदू पिकायला लागला की पांढरं पिवळट दिसतं म्हणे," जावई सांगत होते. "मायला वाटायचं, चुनाच पिवळा आलाय. मग ती नीळ वाढवायची. पुढच्या वर्षी अजून थोडी. अशी करत करत..."

"करत करत काय?"

"आमचे पांडव निळे झाले, आई. साफ निळे. आणि तिला ते पांढरे दिसायचे."

मला हसू फुटलं. जावयासमोर तोंडाला पदर लावून हसले. "अहो, मग सांगितलं का नाही कुणी?"

"पहिल्यांदा वाटलं, मुद्दाम केलेत. आणि मायला विचारायची कुणाची टाप? गावात उठलं की गयाबाईला स्वप्न पडलं. त्या साली ज्वारी बरी आली, मग तर कुणी तोंडच उघडलं नाही." "ऑपरेशनपासून धुळीत जायला मनाई होती, म्हणून ती शेतात गेलेली नाही. उद्या जाईल आणि बघेल. लई मानी आहे ती. लोक आपल्याला हसत होते असं तिच्या मनानं घेतलं, तर पुन्हा कुंचा धरायची नाही."

त्यांनी बेत आखला होता. सकाळी लवकर एकट्याने शेतात जायचं, जुनी निळाई खरडायची आणि पांढरा चुना लावून मोकळं व्हायचं. मायला सांगायचं, डॉक्टरांनी चुन्याजवळ जाऊ नको म्हटलंय. मला बेत पटला. निदान तेव्हा तरी पटला.

घरी पोचलो तर गयाबाई दारातच उभ्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, डावा डोळा मिटला आणि उजव्याने मला न्याहाळलं. "विहीणबाई, तुमी तर गोऱ्या हाव की! लग्नात मला सावळ्या दिसल्या होत्या."

"तुम्हीही मला तेव्हा गरीब दिसल्या होत्या," मी म्हटलं. केतकी कपाळाला हात लावून आत गेली.

त्या बाईंचा आनंद घरात मावत नव्हता. मला हात धरून त्यांनी सगळं घर दाखवलं, जसं काही त्याही आजच आल्या होत्या. फळीवरची स्टीलची भांडी, अंगणातला झेंडू, डब्यातली हळद. "हळद हळदीवानी दिसायली बगा. आन् दूध! मला वाटायचं गवळीच खोटा, पिवळं दूध घालतोय." सुनेला कोळिष्टकांवरून धारेवर धरून झालं होतं. आरशापुढे उभं राहून, "ही म्हातारी कोन?" असंही विचारून झालं होतं.

मी साडी पुढे केली. "रामा कलर आहे. तुमच्यासाठी निवडून आणला."

साडी घेऊन त्या थेट दारात उजेडात गेल्या. माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा हुशार! "रामा कावून? ह्यो तर मोराच्या गळ्याचा."

"नाही हो, मोरपंखी निराळा."

"मोर कुनी बगितलाय, तुमी का मी?" मग उजवा डोळा मिटून डाव्याने बघितलं आणि खळखळून हसल्या. "आन् ह्या डोळ्यानं शेवाळं! एका साडीत दोन साड्या आनल्या बाई तुमी."

त्या हसत होत्या आणि मला मात्र उद्याची धास्ती वाटायला लागली.

सकाळी बालाजीराव ठरल्याप्रमाणे पुढे गेले. आम्ही तिघी मागून निघालो. केतकीच्या डोक्यावर आंबिलीचं मडकं (ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबवतात ती आंबील), माझ्या हातात भज्जीचं पातेलं. आता ही भज्जी म्हणजे आपली कांदाभजी नव्हे. हरभऱ्याचा पाला, तुरीचे दाणे, वाटाणा, शेंगदाणे, बोरं, शेतात जे असेल ते सगळं बेसनात शिजवतात. गयाबाईंकडे उंडे (बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे) आणि अंबाडीचा कुंचा. चुन्याला हात लावायचा नाही, असं मुलाने बजावूनही तो त्यांनी काखोटीला मारला होताच.

पांदीतून (दोन्हीकडे झाडोरा असलेली शेतवाट) बाहेर पडलो आणि सगळं शिवार एकदम पुढे आलं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. हरभऱ्यावर दव, आणि त्या दवात ऊन बसलेलं. करडईला नुकती फुलं येत होती. कळी लिंबू, उमललेली भगवी. मी मोठ्याने रंग मोजायला लागले तशा गयाबाईही चढाओढीने सांगायला लागल्या. मी म्हटलं पोपटी, त्या म्हणाल्या कोवळ्या हुरड्याचा. मी म्हटलं अंजिरी, त्या म्हणाल्या, "म्हंजी वाळल्या तुरीच्या शेंगंचा, तसं म्हना की." आयुष्यात इतकी मोकळी मी कधी चालले नव्हते. दर शेतात एकेक कोप, दर कोपीपाशी माणसं, रंगीत लुगडी, चुलीचा धूर.

पहिलं शेत कौसाबाईचं. गयाबाई तिच्या मावशी. वाटेवरची कोप, म्हणून पाया पडायला गयाबाई आत वाकल्या आणि तशाच थांबल्या.

आत पाच पांडव बसलेले. निळे.

बालाजीरावांनी आपल्या शेतातले खरडले होते, गावातले कोण खरडणार? त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं आणि माझ्याही.

"कौसे, निळे कावून केलेस गं?" गयाबाईंनी विचारलं.

कौसाबाई भाकरी थापत होती. "तुमचंच बगून की मावशी! तुमी करता तसं."

"मी?"

त्यांनी उजवा डोळा मिटला, मग डावा मिटला, पुन्हा उजवा. मी बाजूला उभी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. काल साडी बघताना याच खेळाला त्या हसल्या होत्या. आज हसल्या नाहीत. वळल्या आणि आपल्या शेताकडे चालू लागल्या.

तिथे पांढरे शुभ्र पांडव तयार होते आणि जावई हात धूत होते. गयाबाईंनी दगडाच्या बुडाशी बोट फिरवलं. मातीत निळ्या खपल्या पडल्या होत्या.

"सकाळी खरडलंस व्हय रे?"

"हां, माय."

"म्हंजी समद्यांला ठावं व्हतं."

त्या बांधावर जाऊन कोपीकडे पाठ करून बसल्या. कुंचा सुनेपुढे ठेवला. "ह्यो घे. मपल्या हातानं आता न्हाई. चुनेवाल्याला किती बोलले मी, भेसळीचा इकतो म्हनून. आन् गाव पदराआड हसत आसंल."

केतकीने समजावलं, जावयांनी हात धरला. मी म्हटलं, "अहो, आमच्या दुकानात तर रोज बायका चुकीचा रंग नेतात आणि उद्या परत येतात." त्या म्हणाल्या, "तुमचं लुगडं हाय, विहीणबाई. ह्यो देव हाय." मला खूप वाईट वाटलं. कालपासून ज्या डोळ्याने सगळं घर उजळलं होतं, त्याच डोळ्याने आता त्यांना खाली बघायला लावलं होतं.

तेवढ्यात कौसाबाई आली. एका हातात आंबिलीचा तांब्या, दुसऱ्या हातात निळीची पुडी. ती आली तीच तक्रार घेऊन.

"मावशी, ह्ये काय? तुमचे पांढरे कावून औंदा? आमाला सांगायचं तरी! आन् मपले बगितले ना? मळकट येतेत दर साली. तुमच्यावानी स्वच्छ निळे येतच न्हाईत. नीळ किती घालता तुमी? तेवढंच इचारायला आले."

गयाबाईंनी मान वर केली. "तुला येडं न्हाई वाटत?"

"येडं कावून? पांढरे कडब्यात दिसतेत का कुटं? तुमचे तेवढे सडकंवरून दिसायचे. आमचे पाव्हने तर तीच खून सांगून यायचे, निळे पांडव दिसले की तिथून डाव्या हाताला वळा. आता पांढरे केले तर चुकतेल ना लोकं!" तिने पुडी पुढे धरली. "माप सांगा."

गयाबाईंनी पुडी घेतली नाही. त्यांनी लांब नजर टाकली. कौसाबाईच्या कोपीत निळं होतं. पलीकडच्या शेतातही निळं होतं. ओढ्याकाठी आणखी एक. त्यांनी हाताचा आडोसा करून एकेक शोधलं, नव्या डोळ्याने, आणि बोट दाखवत मला विचारलं, "तिकडं बी हाय का वो? का मलाच दिसायलंय?"

"आहे," मी म्हटलं. "मलाही दिसतंय."

"माप मलाच कुटं ठावंय कौसे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. "म्या पांढरा होईस्तोवर घालायची."

कौसाबाईला काही कळलं नाही. आम्हाला सगळं कळलं, आणि केतकी हसता हसता रडायला लागली. मीही रडले, उगाच कशाला लपवू?

मग गयाबाई उठल्या. जावयांनी बादली पुढे केली, डोळ्यात चुना उडू नये म्हणून केतकीने त्यांना चष्मा लावला. त्यांनी चुन्यात नीळ सोडली, ढवळली, डावा डोळा घट्ट मिटला आणि कुंचा वर धरून आभाळाशी लावून बघितला. मी दुकानात कापड कापडाशी लावते, अगदी तसा. "आनखी," म्हणाल्या. पुन्हा चिमूट, पुन्हा आभाळ. मला राहवेना. "थोडी अजून चालेल."

"गप बसा, ह्ये तुमचं दुकान न्हाई." आणखी एक चिमूट. मग थांबल्या. "ह्योच. ह्योच करत व्हते मी इतकी सालं?"

"ह्योच, माय," बालाजीराव म्हणाले.

"चांगला हाय की रं," त्या हळूच म्हणाल्या आणि पहिला पांडव रंगवायला बसल्या.

पूजा झाली. आंबील शिंपडत सगळे शेताभोवती "ओलगे ओलगे सालम पोलगे" असं ओरडत फिरले. अर्थ विचारला तर कुणालाच सांगता येईना, पण ओरडताना कुणाचा आवाज कमी नव्हता. मग जेवण. मी आंबील ताकासारखी तांब्या तांब्या ढोसली. ती डोळ्यांवर अशी चढली की कोपीच्या सावलीत मी पार आडवी झाले आणि विहीणबाईंच्या शेतात घोरले, असं केतकी सांगते. माझा विश्वास नाही.

जाग आली तेव्हा ऊन कलत होतं. जावयांनी कडब्याची पेंढी पेटवली आणि ती घेऊन शेताच्या कडेने पळाले. दर शेतात अशीच एकेक पेंढी पळत होती. ज्वारीच्या पानांवर तो उजेड पुढे पुढे सरकत होता आणि तो जवळून गेला की कोपीतले पांडव क्षणभर जांभळे दिसत होते. गयाबाई माझ्या शेजारी बसून एकदा या डोळ्याने, एकदा त्या डोळ्याने बघत होत्या. मीही एक डोळा मिटून बघितलं. मला दोन्हींतून सारखंच दिसलं, आणि खरं सांगते, त्यांचा हेवा वाटला.

निघताना त्यांनी माझी ओटी भरली. नारळाखाली ब्लाउजपीस होता. मॅचिंग सेंटरवालीला ब्लाउजपीस म्हणजे हलवायाच्या घरी जिलबी, असं मी म्हणणारच होते, पण घडी उलगडली आणि तो पीस आधी उजेडात धरला. पांढरा पीस त्यांनी स्वतः निळीत बुडवून वाळवला होता. एका कोपऱ्यात रंग जरा जास्त बसला होता.

"असला तुमच्या दुकानात नसंल," त्या म्हणाल्या. "आसला तर परत द्या."

मी परत दिला नाही. येताना बीडच्या स्टँडवर खाली उतरलेच नाही, आणि बाभळींचा कापूस कुणालाही न दाखवता एकटीने बघितला. मधल्या काळात त्यांच्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. फोनवर म्हणाल्या, "आता दोन्हींनी एकच दिसायलंय, विहीणबाई. येळवशीला या, मापाला तुमी लागता."

तो पीस मी दुकानाच्या दारात टांगला आहे, ट्यूबलाइटपासून लांब, जिथे सकाळचं ऊन येतं तिथे. कापड दाखवायला आता मी गिऱ्हाइकाबरोबर स्वतः दारापर्यंत जाते. परवा एक ताई साडी घ्यायला आल्या आणि त्यांची नजर त्याच्यावरच अडली. आकाशी नाही, फिरोजी नाही, चिंतामणी तर नाहीच. "हा कुठला कलर हो? याला मॅचिंग दाखवा ना."

"याला मॅचिंग आमच्याकडे नाही, ताई," मी सांगितलं. "येळवशीला घाटनांदूरला जा. सडकेवरूनच दिसेल."